घोट्यावरचे निळे जाळे

ज्यांच्या चरणांनी अयोध्येपासून दंडकारण्यापर्यंतची वाट चालून दाखविली, त्या प्रभू रामचंद्रांच्या पायांवर मस्तक ठेवतो, वाग्देवतेची अनुज्ञा मागतो आणि मग लेखणी उचलतो. आज गुढीपाडवा. सकाळी गुढीला कडुनिंबाची डहाळी आणि साखरेची गाठी बांधून झाली. नव्या संवत्सराचे फल घरच्यांना वाचून दाखविले. आजपासून रामाचे नवरात्र बसते. या दिवशी माणसाला आपल्या वडीलधाऱ्यांची मुद्रा आठवावी, त्यांचे बोलणे आठवावे. मला मात्र दरवर्षी माझ्या वडील बंधूंचे पाय आठवतात. त्या पायांची हकीकत सांगण्याजोगी आहे, आणि ती ऐकून आजही एखाद्याचे भले होईल अशी माझी श्रद्धा आहे.

दुसरे महायुद्ध चालू होते त्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही नगरला राहत होतो. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. दादा कीर्तनकार होते. नारदीय पद्धतीचे कीर्तन आमच्या आजोबांपासून घरात चालत आलेले. सुटीच्या दिवशी मी दादांच्या मागे झांज घेऊन उभा राही, त्यामुळे त्यांचे कीर्तन जितके मी पाठीमागून पाहिले तितके कोणी समोरूनही पाहिले नसेल.

कीर्तनकार जिथे उभा राहतो त्या जागेला नारदाची गादी म्हणतात. एकदा तिच्यावर पाऊल ठेवले की कीर्तन संपेपर्यंत बसायचे नाही, हा दंडक सगळेच पाळतात. दादा त्याच्याही पुढे गेले होते. इतर बुवा पदाच्या ओघात पुढे येतात, मागे जातात, नाचतात. दादा एकदा जिथे पावले जुळवीत तिथून ती हलवीत नसत. गादी नारदांची, आपण तिच्यावर काही काळापुरते उभे. तिथे येरझारा घालणे हा त्यांना अविनय वाटे. प्रहरभर बोलून झाले तरी कमरेखालचा देह जणू दगडात घडविलेला. लोक म्हणत, बुवा म्हणजे समईची ज्योत. ही स्थिरता पाहण्यासाठी माणसे लांबून येत.

केडगावच्या पलीकडे एका लहान गावात रामाचे मंदिर आहे. तिथल्या नवरात्राची सेवा आमच्या घराकडे होती. प्रतिपदेपासून नवमीपर्यंत रोज कीर्तन, आणि नवमीला भर मध्यान्ही जन्माचे कीर्तन. दादांच्या वर्षाचा मेरू म्हणजे हे नऊ दिवस. बाकी सगळी गावे त्याच्या आजूबाजूला.

त्याच गावात एका वर्षी, कीर्तन संपल्यावर पाया पडायला वाकलेली एक म्हातारी शेतकरीण वाकलेलीच राहिली. मागची मंडळी खोळंबली. ती दादांच्या डाव्या पायाकडे टक लावून पाहत होती. घोट्याच्या आतल्या अंगाला, टाचेच्या किंचित वर, निळ्या-जांभळ्या बारीक रेषा उमटल्या होत्या. एका ठिकाणाहून निघून पंख्यासारख्या पसरलेल्या, कोळ्याने जाळे विणावे तशा.

"बुवांच्या पायात ईनेच्या तारा उमटल्यात बगा!" ती मोठ्याने म्हणाली. "नारदाची ईना हाय ही. उगाच का खांबावानी उभं ऱ्हात्यात?"

झाले. बघता बघता साऱ्या देवळाने तो पाय पाहिला. दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्या जाळ्यावर गंध लावले, तिसऱ्या दिवशी बुक्का. पुढे तो रिवाजच पडला. दादा जिथे जात तिथे ही वार्ता त्यांच्या आधी पोहोचलेली असे, आणि कीर्तनानंतर लोक बुवांच्या कपाळाला बुक्का लावण्याआधी घोट्याला लावीत. दादांना यात मोठेपणा वाटला असे मी म्हणणार नाही. ते डोळे मिटून, हात जोडून उभे राहत. उभ्या सेवेचा प्रसाद म्हणून त्यांनी ती खूण नम्रतेने स्वीकारली होती. मलाही ते गोड वाटे. शास्त्रे शिकलेला मी, देवांच्या देहावरच्या शुभचिन्हांची वर्णने मुखोद्गत असलेला. त्या निळ्या रेषांना मी मनोमन त्याच पंक्तीत बसविले होते.

घरात एकच व्यक्ती या भक्तीत सामील नव्हती. ती म्हणजे आमच्या वहिनी.

कीर्तनाहून आल्यावर दादांच्या पायांवर ऊन पाणी घालण्याचे काम त्यांचे. एकदा मी अंगणात होतो तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "भाऊजी, जरा इकडे या. हे बघा." त्यांनी दादांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि काढून घेतला. ओल्या कणकेत पडावा तसा खळगा पडला आणि बराच वेळ भरला नाही.

"दोन्ही पाय सारखे आहेत का सांगा. डावा संध्याकाळी उजव्याच्या दीडपट होतो. वहाणेत पाय शिरत नाही. आणि या वीणेच्या भोवती कातडी बघा कशी झाली आहे, जायफळासारखी. झोपेत खाजवतात."

"उभे राहिल्यावर पाय जड होणारच," दादा म्हणाले. "वय काय कमी आहे?"

"माझे नाही का वय झाले? माझ्या पायात कुठे खळगे पडतात? नगरात एवढा मोठा दवाखाना आहे, तिथे बायकाच डॉक्टर आहेत, परवा शेजारच्या सुनेला पाहिले तिथे. एकदा दाखवून यावे."

"अगं, देवाने दिलेली वस्तू काय दवाखान्यात दाखवायची असते?"

"देवाने दातही दिले होते. मागल्या वर्षी काढून आलातच की."

दादा हसले, मीही हसलो आणि विषय तिथेच राहिला. वहिनींनी तो सोडला नव्हता. त्या पायांना खोबरेल लावीत, गंधाचा वाळलेला थर भिजवून हलक्या हाताने काढीत, आणि दर अमावास्या-पौर्णिमेला त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारीत.

माघ महिन्यात राजूरला कीर्तन होते. राजूर म्हणजे आजूबाजूच्या डोंगरातल्या वाड्यांचा बाजार. बाजाराला आलेल्या लोकांना उजेड आहे तोवर परतायचे असते, म्हणून कीर्तन तिसऱ्या प्रहरी ठेवले होते. थंडी कडाक्याची. पूर्वरंग आटोपला, दादांनी आख्यान लावले. मी मागे उभा. नेहमी न हलणारा त्यांचा उजवा पाय मला हललेला दिसला. त्यांनी उजव्या पायाच्या अंगठ्याने डावा घोटा क्षणभर चोळला. आदल्या गावचा बुक्का तिथे वाळून बसला होता आणि असह्य खाज सुटली असावी. नखाचा ओरखडा तो केवढा! पण दुसऱ्याच क्षणी त्या जाळ्यातून रक्ताची बारीक चिळकांडी उडाली. पांढऱ्या धोतरावर तांबडी रेघ, मग गादीवर डाग, मग डागाचे थारोळे.

दादा बोलतच होते. त्यांना कळलेही नव्हते, कारण दुखत काहीच नव्हते. पुढच्या बायका किंचाळल्या. पेटीवाल्याचे सूर थांबले. दादांनी खाली पाहिले, त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि ते माझ्या अंगावर कलले.

"धरा, बुवांना धरा!"

"गुडघ्यापाशी आवळून बांधा रं काय तरी!"

कोणी उपरण्याने पाय आवळला. रक्त आणखीच वाहिले. आम्ही त्यांना आडवे केले. जमीन धुळीची होती आणि उघडी जखम धुळीत टेकू नये, म्हणून मी पेटी ओढून तिच्यावर त्यांची टाच ठेवली आणि उपरणे सोडून त्याची घडी जखमेवर दाबून धरली. रक्त थांबले. आत्ता वाहत होते, आत्ता थांबले. त्या दैवी योगायोगाचा अर्थ मला तिथे उमगला नाही. मंडळी रामनामाचा गजर करू लागली. गर्दीतून एक जण म्हणाला, "बुवांनी रगताचा अबिशेक केला देवाला," आणि त्या स्थितीतही दादांनी पडल्या पडल्या मान हलवून नको, नको म्हटले.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीने आम्ही नगरला आलो. वहिनींनी धोतर पाहिले. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. आमच्याकडे सकाळी देवपूजा झाली की घरातली सारी माणसे दादांच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार करीत. परतल्यावरच्या पहिल्या सकाळी सर्वांचा झाला. वहिनी माजघराच्या उंबऱ्याशीच थांबल्या आणि तिथूनच त्यांनी हात जोडले.

"हे काय?" दादांनी विचारले.

"आजपासून असाच."

"का? पाय विटाळले?"

"पाय दुखतात. जो पाय दुखतो त्यावर डोके आपटून मी पुण्य कुठले मिळवणार? साऱ्या गावाने बोटे लावून लावून तो फोडला. मी लावणार नाही. दाखवून आलात की पूर्वीसारखा करीन."

लग्न झाल्यापासून न चुकलेला तो नमस्कार होता. दादांनी उपरणे खांद्यावर टाकले. मग त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "टांगा बोलाव."

पण टांग्यात बसल्यावर त्यांच्या मनातले भय बाहेर आले. "अरे, पाय कापा म्हणाल्या तर? किंवा सहा महिने निजून राहा म्हणाल्या तर? पाडवा तोंडावर आला. ज्याला गादीवर उभे राहता येत नाही त्याने सेवा धरून ठेवू नये. चिपळ्या रामापुढे ठेवीन आणि सांगेन, दुसरा बुवा पाहा." आजोबांचे नाव त्यांनी घेतले नाही. त्यांच्या डोळ्यांत ते दिसत होते.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, आपल्याच मुलखातल्या, स्वच्छ मराठी बोलणाऱ्या होत्या. पांढरे पातळ, मनगटी घड्याळ. त्यांनी दादांना आधी बाकावर उभे केले आणि स्वतः खाली बसून पाय पाहिला. एक सुशिक्षित स्त्री आपल्या पायाशी बसली आहे आणि नमस्कार करीत नाही, हा दादांना नवा अनुभव असावा. ते अवघडून गेले.

"याच्यावर हे काळे कसले?"

"बुक्का," मी म्हणालो आणि सगळी हकीकत सांगितली. मला वाटले, त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"बुवा, आता इथे निजा. पाय मी उचलते, तुम्ही सैल सोडा." त्यांनी पाय उंच धरला. "आता मान उचलून जाळ्याकडे बघा."

दादांनी पाहिले. मीही पाहिले. ते निळे जाळे आमच्या डोळ्यांदेखत फिके झाले. वरच्या फुगीर शिरा कातडीत विरून गेल्या, बारीक रेषा पुसट झाल्या, मागे उरली ती तपकिरी कातडी. मग त्यांनी दादांना पुन्हा उभे केले. जाळे खालून वर भरत आले, विहिरीला पाणी लागावे तसे.

"खूण अशी येते जाते का, बुवा?" त्यांनी मृदुपणे विचारले. "हे रक्त आहे. तुमचेच. वाट चुकून खाली साचलेले."

त्या दिवशी त्यांनी जे समजावून सांगितले ते मी जसेच्या तसे ध्यानात ठेवले आहे, आणि एवढ्यासाठीच हा सारा प्रपंच लिहीत आहे. हृदयातून पायात उतरणारे रक्त सहज उतरते; परत वर चढताना मात्र त्याला कष्ट पडतात. त्या वाटेवर, शिरांच्या आत, लहान लहान झडपा आहेत. त्या वरच्या बाजूला उघडतात आणि रक्ताला मागे घसरू देत नाहीत. पोटरीचे स्नायू आवळले की रक्त वर ढकलले जाते. माणूस चालला की हे काम आपोआप होते. खिळून उभा राहिला की पोटरी स्वस्थ बसते आणि सारा भार झडपांवर पडतो. काहींच्या झडपा जन्मतःच दुबळ्या, काहींच्या बाळंतपणांनी, काहींच्या उभ्याच्या धंद्याने सैल होतात. मग रक्त तळाशी साचते, दाब वाढतो आणि कातडीखालच्या केसासारख्या शिरा फुगून दिसू लागतात. ते जाळे.

"प्रत्येक जाळे रोगाचे असते का?" मी विचारले.

"नाही, नाही. कितीकांच्या मांडीवर, पोटरीवर अशा रेषा असतात आणि त्या जन्मभर काही करीत नाहीत. पण ते डोळ्यांनी ठरवायचे नाही, दाखवून ठरवायचे. आणि घोट्याच्या आतल्या बाजूला असा पंखा उमटला, संध्याकाळी पाय जड झाला, सूज आली, खाज सुटली, कातडी काळवंडली, तर आतली मोठी शीर हाका मारते आहे असे समजायचे. या हाका ऐकल्या नाहीत म्हणजे तिथे जखम होते, आणि ती वर्षानुवर्षे भरत नाही. तुमची अजून झालेली नाही. वेळेवर आलात."

"रक्त आपोआप कसे थांबले?"

"तुम्ही पाय पेटीवर ठेवलात म्हणून, आणि दाबून धरलात म्हणून. रक्त वर चढून गेले. वर आवळून बांधाल तर परतीची वाट बंद होते, जास्त वाहते. पुन्हा असे झाले तर हेच करायचे. निजवायचे, पाय उंच, जखमेवर बोटाने दाब."

दादांनी एकच प्रश्न विचारला. "रामनवमीला मला उभे राहता येईल का?"

बाईंनी घड्याळाकडे पाहिले, पायाकडे पाहिले. "उभे नाही राहायचे, बुवा."

दादांनी मान खाली घातली.

"चालायचे," त्या म्हणाल्या. "एका जागी खिळून उभे राहायला माझी बंदी आहे. चाला, नाचा, काय हवे ते करा. तुमच्यात नाचत नाहीत का कीर्तनात?"

दादांनी डोके वर केले. त्यांच्या मुद्रेवर जे उमटले त्याला मी काय म्हणू! ज्याला कधी एका ठिकाणी क्षणभर बसलेले कोणी पाहिले नाही, जो तिन्ही लोकांत अखंड फिरतो, त्या देवर्षीच्या गादीवर आपण अचल उभे राहण्यात विनय मानीत आलो, हे त्यांना एकदम दिसले. ते मोठ्याने हसले. दवाखान्यातली माणसे वळून पाहू लागली.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही मला नारद शिकवलात."

दोन दिवसांनी वहिनींना घेऊन आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो. जांघेपाशी सुई टोचून तो भाग बधिर केला आणि तिथे छेद घेऊन बिघडलेली शीर बाईंनी बांधून टाकली. बाकीच्या निरोगी शिरा रक्त वर नेतात, तिची उणीव भासत नाही, असे त्या म्हणाल्या. आम्ही बाहेर देवाचे नाव घेत बसलो होतो. थोड्या वेळाने दार उघडले आणि दादा आपल्या पायांनी चालत बाहेर आले. वहिनी दचकून उभ्या राहिल्या. "अहो बाई, यांना निजवा ना!"

"निजवायचे नाही. फिरवायचे," आतून बाईंचा आवाज आला. "निजल्याने शिरेत रक्त गोठते."

राहिला प्रश्न पट्टीचा. बोटांच्या मुळापासून गुडघ्यापर्यंत रोज पट्टी गुंडाळायची होती. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी, खाली घट्ट आणि वर सैल. ती बांधण्याआधी बाईंनी दादांच्या पायाच्या पाठीवरची नाडी चाचपली होती. ती नीट लागत नसेल तर कोणीही अशी पट्टी बांधू नये, हेही बजावले होते. पण दवाखान्याच्या सुती पट्टीला पाहून दादा अडखळले. ती रात्रभर अंथरुणापाशी पडलेली, आणि पहाटे उठण्याआधीच बांधायची. मग स्नान, संध्या, देवपूजा सोवळ्यात कशी व्हावी? बांधली तर पूजा राहते, सोडली तर पाय सुजतो. त्या वर्षांत कापडही सहज मिळत नसे. मी धर्मग्रंथांची पाने चाळू लागलो.

मी तिसरे पान उलटीपर्यंत वहिनींनी निकाल लावला होता. "बाई, फलाणिनीचे कापड चालेल का?" त्यांनी विचारले होते.

"चालेल. थोडी ताणली जाणारी हवी."

"लोकरीची ना ती? मग झाले. लोकरीला विटाळ नाही. धाबळी नेसून आम्ही देवाचा स्वयंपाक करतो तो काय उगाच?" घरी येऊन त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मिटा ती पोथी." घरातल्या जुन्या फलाणिनीच्या तिरक्या पट्ट्या कापून, टोकाला टोक शिवून त्यांनी दोन जोड तयार केले. तीच पट्टी बांधून दादा सोवळ्यात पूजेला बसू लागले. पहिल्या दिवशी पूजा झाली, घरातल्यांचे नमस्कार झाले. शेवटी वहिनी पुढे आल्या, खाली बसल्या आणि पूर्वीसारखे पायांवर डोके ठेवून त्यांनी नमस्कार केला. दादांनी आशीर्वाद दिला. मी तिथून उठलो.

पाडवा आला. गावात बातमी आधीच पोहोचली होती आणि लोक नाराज होते. मंदिराच्या पारावर वहिवाटदार पाटील आम्हाला सामोरे आले. "बुवा, तुमच्या ईनेच्या तारा बाईनं तोडल्या म्हनं?"

"वीणा तोडली नाही, पाटील. सुरात लावून घेतली. आत या, ऐका."

त्या दिवशी दादांनी गादीवर पाऊल ठेवले, नमन केले आणि पहिल्याच पदाला ते पुढे चालले. मागे आले. पुन्हा पुढे. मंडळीत कुजबुज झाली. समईची ज्योत हलली होती! पहिले दोन दिवस लोकांना चुकल्यासारखे वाटले. दादांनाही वाटत असावे, त्यांची पावले कधी तालाच्या पुढे जात, मग मी झांज सावरून घेई. तिसऱ्या दिवशी पाऊल आणि ताल एक झाले. वनवासाचे आख्यान होते. दादा चालत होते आणि सभामंडपातल्या सगळ्यांना वाटत होते की आपणच रामाच्या मागोमाग निघालो आहोत. आजवर इतकी वर्षे मी ते आख्यान ऐकले होते. ते चालत सांगायचे असते, हे त्या दिवशी कळले. नवमीपर्यंत मंडपात बसायला जागा उरली नाही. दुपारी कीर्तनाआधी दादा भिंतीला पाय लावून स्वस्थ पडत, पट्टी पुन्हा नीट गुंडाळीत आणि उठत. संध्याकाळी वहिनी नडगीवर अंगठा दाबून पाहत. खळगा नव्हता.

नवमीला मध्यान्ही जन्म झाला. गुलाल उधळला, पाळणा हलला, सुंठवडा वाटला. दादा घामाने निथळत होते आणि नाचत होते. पाया पडण्याची रांग लागली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"थांबा. आज पायाला गंध-बुक्का लावायचा नाही. ती खूण देवाची नव्हती, ते दुखणे होते. मी तुमच्या प्रेमाला नमस्कार करतो. पण ज्यांच्या पायावर असे जाळे असेल त्यांनी ते झाकून ठेवू नये, दाखवावे." आणि डॉक्टरीणबाईंचे सांगणे त्यांनी आख्यानासारखे, चालत चालत, गावच्या भाषेत सांगितले. पोटरीला त्यांनी मोटेच्या विहिरीवरची बैलजोडी केली, शिरेला चढाची वाट केली, सगळ्यांना कळले.

मंडपात बायकांच्या बाजूला चुळबूळ झाली. मग दादांच्या पायावरची वीणा जिने पहिल्यांदा पाहिली होती ती म्हातारी उठली. लुगड्याचा काठ तिने वीतभर वर घेतला.

"मंग ह्ये काय हाय, बुवा? माज्या धाकल्याच्या येळेपास्नं हाय. लई ठणकतंय. आमी म्हनलं, बाईच्या जातीला असायचंच."

शेजारची म्हणाली, "माजं बी बगा." तिसरी म्हणाली, "ईना तर ईना, आमच्या पायात बी हाय की!" मंडपात हशा उसळला. काठ वर होत गेले. दादांच्या एका घोट्यावर साऱ्या गावाने गंध लावले होते, आणि डोक्यावर हंडे वाहणाऱ्या, लेकरे वाढविणाऱ्या, दिवसभर रानात उभ्या राहणाऱ्या त्या बायांच्या पायांकडे आजवर कोणी वाकून पाहिले नव्हते. त्यांनी स्वतःही नाही. दादा चालायचे थांबले. मग गादीवरून खाली उतरून त्यांनी त्या बायांच्या दिशेने जमिनीला मस्तक टेकविले.

पाटलांनी खाकरून विचारले, "बाई कुन्या वारी असत्यात दवाखान्यात?"

पुढच्याच आठवड्यात त्या गावची बैलगाडी दवाखान्याच्या दाराशी उभी राहिली, आणि तिच्या मागे दुसरी. आत सगळ्या बायका. वहिनी पुढे होत्या. कोणाला कुठे बसवायचे, कोणाची सूज किती, हे त्याच सांगत होत्या. बाईंनी एकेकीचा पाय पाहिला. बऱ्याच जणींना त्यांनी काही नाही म्हणून हसत परत पाठविले आणि त्या निर्धास्त होऊन घरी गेल्या. काहींना पट्टी शिकविली. काहींची शीर बांधली. जिच्या बोलण्यातून गंधाची प्रथा सुरू झाली त्या म्हातारीच्या घोट्याला जखम फुटू लागली होती. ती वहिनींनी शिवलेल्या पट्टीखाली भरून आली, आणि पुढल्या जत्रेत ती गुडघ्यापर्यंत काठ धरून, पाय दाखवीत गावभर फिरली.

"बुवा," बाई दादांना म्हणाल्या, "तुम्ही कीर्तन केलेत आणि माझी जेवणाची सुटी गेली."

"बाई, तुम्ही माझे कीर्तन चालते केलेत. आता भोगा."

दादांनी त्यानंतर पुष्कळ वर्षे सेवा केली, अखेरच्या पाडव्यापर्यंत. त्या गावच्या रामनवमीला बुवा चालत कीर्तन करतात, हा आता तिथला दंडक आहे; नवा बुवा पाय जुळवून उभा राहिला तर म्हातारी माणसे खालून ओरडतात, "चाला की, बुवा!"

वाचकहो, तुमच्या घरात कोणाच्या पायावर असे निळे जाळे दिसेल तर त्याला रूप बिघडले म्हणून झाकू नका, वय झाले म्हणून सोडू नका, आणि आपल्या मनाने भिऊही नका. जाणत्या वैद्याला दाखवा आणि त्याच्या मुखाने खरे काय ते ऐका. ज्या रामाने चालून चालून धर्म राखला तो तुमच्या पायांत बळ राखो. तुमच्या घरातल्या उभ्याने राबणाऱ्या प्रत्येक बाईला विसावा मिळो, वडीलधाऱ्यांना अखेरच्या दिवसापर्यंत आपल्या पायांनी देवळाची पायरी चढता येवो, लेकरांची पावले अंगणात वाजत राहोत. तुमचा उंबरा मंगल असो.